चिंगदावचा वाडा

काशीराम शिवलकरांच्या हातात एक गुलाबी बाटली होती आणि ती हातात कशी आली हे त्यांना काही केल्या आठवत नव्हतं. लहान मुलांची बाटली, झाकणाला सशाचे दोन कान, गळ्यात अडकवायला पट्टा. हलवून पाहिली तर तळाशी घोटभर पाणी होतं. आपण थिबा राजवाड्याच्या मागच्या पायरीवर बसलो आहोत हे मात्र त्यांना कळत होतं. पाठीशी लाल वाडा, पुढे उतार, झाडांच्या शेंड्यांपलीकडे भाट्याची खाडी, खाडीत परतणाऱ्या दोन होड्या, सगळं जागच्या जागी होतं. ऊन कलायला लागलं होतं. बाटली सानवीची, यातही शंका नव्हती. नाताळच्या सुट्टीत मुंबईहून आलेली नात चार दिवस ही बाटली उशाशी घेऊन झोपत होती. बाटली इथे आहे म्हणजे पोरगीही इथेच असणार. पायरीवर बाटली टाकून एखाद्या सरड्यामागे पळाली असेल. "सानू!" त्यांनी हाक मारली. मग जरा आवाज चढवून पुन्हा मारली. झाडावरचा एक कावळा उडाला, बाकी काही हललं नाही. तिसरी हाक मारायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तो दुसरा प्रश्न आला, की सानवीला आपण बरोबर आणलं तरी होतं का?

हे असलं कुणी विसरतं? चष्मा विसरावा, किल्ली विसरावी, माणूस म्हातारा झाला की कपाळावर चष्मा लावून घरभर शोधतो आणि बायकोच्या शिव्या खातो, त्यात काही विशेष नाही. पण सहा वर्षांची पोर बरोबर आहे की नाही? काशीरामांनी डोळे मिटले आणि सकाळपासूनचा दिवस दोरासारखा हाताशी ओढायला सुरुवात केली. सकाळ व्यवस्थित होती. दुपारी बांगड्याचं तिखलं होतं, सानवीने काटे काढून द्या म्हणून आपला मासा त्यांच्या ताटात सरकवला होता. मग बायको, गंगा, ही बाटली भरत होती, झाकण घट्ट बसत नव्हतं म्हणून पुटपुटत होती. पण ते आजचं की कालचं? मग सानवी दारात उभी राहून रडत होती. हे मात्र लख्ख आठवत होतं. मांडवीच्या घराचा उंबरा, उंबऱ्यावर तिचे अनवाणी पाय, नाकातून वाहणारं पाणी, आणि आपण म्हणतोय, "रडू नको गो, मी आत्ता येतो." त्यापुढे दोर हातात सुटा आला. त्याच्या टोकाला काही नव्हतंच. एकदम ही पायरी, ही बाटली, आणि तोंडात कसली तरी वेलचीची चव.

पोर दारात रडत होती म्हणजे तिला येऊ दिलं नसणार, त्यांनी स्वतःला समजावलं. मृणालीने अडवलं असणार. लेक आपलीच, पण गेल्या वर्षभरात ती बापाकडे अशी बघायला लागली होती की काशीरामांना चार घास सुखाने गिळवत नसत. आज सकाळीच ओटीवर पेपर वाचताना त्यांनी तिचं बोलणं ऐकलं होतं. "आई, बाबांबरोबर सानूला एकटीला पाठवू नकोस. परवा सर्वेशच्या रिक्षात बसले आणि त्यालाच विचारायला लागले, मी कुठे जायचं म्हणालो होतो म्हणून. त्याने मला सांगितलं." गंगा म्हणाली, "काय एक होत नाय. जन्मभर जहाज हाकलं त्यांनी. ते काय हरवतायत!" त्यावर मृणालीने आवाज खाली नेला होता, आणि ते कुजबुजणंच काशीरामांना लागलं होतं. ते छाती काढून स्वयंपाकघरात गेले होते आणि मोठ्याने म्हणाले होते, "सानू, आज तुला राजाचा वाडा दाखवतो. चीनमधल्या वाड्यासारखाच आहे." लेकीला ऐकू जावं म्हणूनच म्हणाले होते. आता घरी फोन करून एवढंच विचारायचं होतं, सानवी घरी आहे का? पण कुठला आजोबा असं विचारतो? ती घरी असली तर प्रश्नच सगळं सांगून टाकणार, आणि घरी नसली तर, देव न करो. खिशातल्या फोनवर त्यांनी हात ठेवला आणि तसाच काढून घेतला.

"काय वो काका, एकलेच बसलाव?" वाड्याचा पहारेकरी बाबल्या कोपऱ्यावरून येत म्हणाला. हातात चाव्यांचा जुडगा, तोंडात सुपारी. "मगाशी नात होती ना तुमच्यासंगती? ती सशाच्या बाटलीवाली? लय बोलकी हाय. मना इचारते, राजा रडायचा काय म्हणून."

म्हणजे आणलं होतं. काशीरामांच्या कानात हवा भरल्यासारखं झालं. खरं तर तेव्हाच त्या माणसाचा हात धरून सांगायला हवं होतं की बाबा रे, पोर सापडत नाही, चल, शोधू या. शहाणं माणूस तेच करतं. पण काशीरामांच्या तोंडून आलं, "आहे ना. आहे आत. बघत असेल."

"आत कुठं? मी आत्ताच सगल्या खोल्या बगून आलोय. बंद करायची वेल झाली."

"मग बाहेर असेल. येईल. माझा चष्मा राहिलाय आत, तेवढा बघून येतो." चष्मा त्यांच्या नाकावरच होता. बाबल्याने त्याकडे पाहिलं, सुपारी या गालातून त्या गालात घेतली आणि वाट सोडली.

आत गारवा होता आणि कुणीच नव्हतं. खिडक्यांच्या रंगीत काचांतून आलेलं ऊन फरशीवर पडलं होतं. काशीराम एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले, दगडी मूर्तींच्या मागे वाकून पाहिलं, लाकडी जिन्याखाली पाहिलं. "सानू" म्हणायचं होतं, पण बाबल्या ऐकेल म्हणून ते कुजबुजत होते. हरवलेल्या पोराला कुणी कुजबुजून हाक मारतं का? स्वतःचीच शरम वाटत होती आणि तरी आवाज चढत नव्हता. तिसऱ्या की चौथ्या खोलीच्या दारात त्यांचे पाय थांबले, कारण समोर पुन्हा तोच जिना होता. आपण जिन्यापासून निघालो, सरळ चालत राहिलो आणि जिन्यापाशीच आलो. हा जिना थिबाच्या वाड्याचा की त्या दुसऱ्या वाड्याचा? त्या वाड्यालाही असाच काळपट लाकडी जिना होता, असाच मेणाचा आणि बंद कपाटाचा वास होता. एक क्षणभर, खरंच एक क्षणभर, आपण बाहेर पडलो की खाली चीनचं बंदर दिसेल अशी त्यांची खात्री झाली.

चिंगदाव नाव त्या बंदराचं. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी त्यांचं जहाज खनिज उतरवायला तिथे लागलं होतं. काशीराम सुकाणी होते, म्हणजे चाकावर उभं राहून जहाज दिलेल्या दिशेला धरायचं काम. दिशा हाच त्यांचा धंदा. सुट्टीच्या दिवशी ते आणि वेळणेश्वरचा दादू शहर बघायला उतरले. दादू वयाने बराच मोठा, दोन-तीन फेऱ्यांत निवृत्त होणारा. टेकडीवर एका जर्मन गव्हर्नराचा जुना दगडी वाडा होता, तो बघताना दोघांची चुकामूक झाली. पुढची गोष्ट काशीरामांनी बायकोला, मुलीला, आळीतल्या सगळ्यांना आणि आता नातीला इतक्या वेळा सांगितली होती की ती सांगताना विचार करावा लागत नसे. त्या वाड्यात चकवा होता. कुठल्याही खोलीतून निघालं की पाय पुन्हा त्याच जिन्यापाशी येत. चीन झालं म्हणून काय, चकव्याला पासपोर्ट लागतो थोडाच! मग सुकाणी काशीरामांनी आपल्याकडे करतात तसं केलं, अंगातला शर्ट काढला आणि उलटा घातला. लगेच वाट दिसली. मग ते आरामात दोन मनोऱ्यांचं चर्च बघायला गेले, लाल कौलांचे उतार बघत फिरले, समुद्रात शिरलेल्या लांबलचक धक्क्याच्या टोकाशी आठकोनी मंडप आहे तिथे वारा खात बसले, आणि संध्याकाळी शीळ घालत जहाजावर आले. सानवीला शर्ट उलटा घालायचा भाग फार आवडे. ती आपलाही फ्रॉक उलटा घालून घरभर हिंडे आणि म्हणे, "आता मी हरवूच शकत नाही."

आता मी हरवूच शकत नाही. काशीराम वाड्याबाहेर आले ते जवळजवळ धावतच. पुढच्या अंगणात नाही, झाडांखाली नाही, फाटकाशी नाही. फाटकाबाहेर रस्ता होता आणि रस्त्यावर गाड्या होत्या. तिकडे बघायचं त्यांनी टाळलं. थिबा पॉइंट, त्यांना सुचलं. तिथून होड्या दिसतात असं आपण तिला सांगितलं असणार, तिकडेच गेली असेल. ते भराभर चालत निघाले. चालताना बाटली मांडीवर आपटत होती आणि आतलं पाणी वाजत होतं. एवढंसं पाणी, पण त्याचा आवाज ऐकवत नव्हता. पोरीला तहान लागली असेल. रडत असेल. कुणीतरी तिचा हात धरून चाललं असेल आणि ती आजोबा म्हणून मागे वळून बघत असेल. पॉइंटवर कोल्हापूरकडचं एक कुटुंब फोटो काढत उभं होतं. काशीराम त्यांच्याजवळ गेले. पिवळ्या फ्रॉकातली मुलगी पाहिली का, एवढंच विचारायचं होतं. पण फ्रॉक पिवळा होता का? तिने आज काय घातलं होतं? त्या बाईने वळून हसून पाहिलं, आणि काशीराम म्हणाले, "छान दिसतं ना इथून?" बाई म्हणाली, "हो ना, किती शांत." त्यांनी मान डोलावली, कठड्याशी गेले आणि खाली बघितलं. खोल उतार, झाडी, आणि त्याखाली खाडीचं मचूळ, संथ पाणी. बर्माचा तो राजा, म्हणतात, दुर्बीण घेऊन याच पाण्याकडे बघत बसायचा, आपल्या देशाचं जहाज येईल म्हणून. इंग्रजाने आणून ठेवलेला. वाडा मोठा, नोकरचाकर, पण परवानगीशिवाय कुठे जायची सोय नाही. लहानपणी काशीरामांना त्याचं हसू यायचं. एवढा वाडा मिळाल्यावर माणूस रडतो कशाला?

सखारामदादाला वाडा नव्हता, खोली होती. काशीरामांचा थोरला भाऊ, हातात मापटं धरल्यासारखा नेमका माणूस, साठीनंतर हळूहळू विरघळत गेला. आधी नावं गेली, मग वाटा गेल्या. एकदा मिऱ्याच्या समुद्रात कमरेपर्यंत उभा सापडला, तेव्हापासून वहिनीने खोलीला बाहेरून कडी बसवली. दुसरं काय करणार होती बिचारी! काशीराम रजेवर आले की भेटायला जात. वहिनी कडी काढी, ते आत जात, आणि सखारामदादा खिडकीपाशी बसून विचारी, "गाडी आली काय रे?" कुठली गाडी ते कुणालाच माहीत नव्हतं. निघताना कडी पुन्हा लागे. तो आवाज, लोखंडावर लोखंडाचा, काशीरामांच्या डोक्यात कायमचा राहिला होता. गेल्या वर्षी पहिल्यांदा त्यांना शेजाऱ्याचं नाव आठवेना, तेव्हा त्यांना तोच आवाज आला होता. रिक्षात सर्वेशला विचारलं तेव्हाही आला. मृणाली एक दिवस कडी आणणार. गंगा रडेल, पण अडवणार नाही. आज तर काय, आज आपण स्वतःच्या हाताने ती बसवून घेतली. एवढ्यावर त्यांचं मन थबकलं. पोर कुठे आहे ठाऊक नाही आणि मी माझ्या कडीचा विचार करतोय! असा कसला मी आजोबा!

रस्त्याच्या कडेला काजूचं झाड होतं. त्याच्या आडोशाला जाऊन काशीरामांनी शर्ट काढला. सत्तरी ओलांडलेला माणूस, भर रस्त्याशेजारी उघडा, एका काखेत सशाची बाटली. कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं! त्यांनी शर्ट उलटा करून घातला, शिवणी बाहेर, खिसा आत. बये भगवती, त्यांनी हात जोडले, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पोर सापडू दे. आणि निघाले. डावीकडे वळले, एका कुंपणाच्या कडेने गेले, उजवीकडे वळले, एका बंद घराच्या दारात सानवी बसली असेल असं वाटलं, तिथे एक मांजर होतं. आणखी थोडं चालले. मान वर केली तेव्हा समोर लाल वाडा होता, मागची बाजू, आणि तीच पायरी.

ते पायरीकडे बघत उभे राहिले. शर्ट उलटा घालून काही झालं नव्हतं. आणि मग, इतक्या वर्षांत प्रथमच, त्यांनी स्वतःला आठवू दिलं की तेव्हाही काही झालं नव्हतं. चिंगदावला ते आरामात फिरले नव्हते. उलट्या शर्टाने वाड्यातून कसेबसे बाहेर पडले आणि सगळी दुपार घाबरून चालत राहिले. चर्च बघायला गेले नव्हते. त्याचे मनोरे चुकून पुन्हा पुन्हा समोर येत होते. लाल कौलं बघितली ती प्रत्येक गल्ली सारखी दिसत होती म्हणून. वरच्या खिशात कंपनीच्या एजंटने दिलेलं कार्ड होतं, त्यावर चिनी अक्षरांत जहाजाचं आणि धक्क्याचं नाव होतं, कुणालाही दाखवायचं की झालं. त्यांनी ते दाखवलं नाही. सुकाण्याने वाट विचारायची म्हणजे भटजीने यजमानाला मंत्र विचारायचा! ते चालत राहिले. शेवटी समुद्रातल्या त्या धक्क्यावर शिंपले विकणाऱ्या एका बाईला त्यांचा उलटा शर्ट बघून हसू आलं, तिने खुणेने सांगितलं की सरळ घाल, आणि शर्ट काढताना कार्ड खाली पडलं. तिने ते वाचलं, त्यांच्या मनगटाला धरून बसथांब्यापर्यंत नेलं. जहाजावर दादू डेकवर उभा होता, अंधारात तोंड दिसत नव्हतं. काशीराम म्हणाले, "मस्त फिरलो. सगळं शहर पाहिलं." दादूने विडी समुद्रात टाकली. मग म्हणाला, "काशा, वाट चुकलास का चालू नको. हाय तितं बस नि हाक मार. चकवा-बिकवा काय नाय रे. मानसाला लाज वाटते, म्हनून तो चालत सुटतो. नि चालला का मेला." काशीराम हसले होते. गोष्ट सांगताना हा शेवट ते नेहमी गाळत.

ते पायरीवर बसले. फोन काढला. एक नंबरचं बटण दाबून धरलं की घर, हे मृणालीनेच करून दिलं होतं, आणि तेव्हा त्यांना त्याचा राग आला होता. घंटा वाजत राहिली. त्यांनी ठरवलं, जो उचलेल त्याला सरळ सांगायचं, सानू हरवली, माझ्या हातून हरवली, पोलिसांत जा.

"हॅलो, कोण बोलतंय?"

सानवीचा आवाज. त्यांनी डोळे मिटले, कपाळ गुडघ्यांवर टेकवलं आणि मोठ्याने श्वास घेतला. आहे. आहे, घरी आहे, जिवंत आहे, फोन उचलायला नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी पळत आली आहे.

"आजोबा? बाटली मिळाली?"

"काय?"

"माझी बाटली! तुम्ही आणायला गेलात ना? आजी म्हणाली उद्या आणू, पण तुम्ही चहा अर्धा टाकून गेलात. पायरीवरच होती ना? मी म्हटलं होतं, पायरीवर राहिली."

त्यांनी बाटलीकडे पाहिलं. तोंडात अजून गंगाच्या चहातली वेलची होती. उंबऱ्यावरचे अनवाणी पाय, रडू नको गो, मी आत्ता येतो, सगळं आता जागेवर बसत होतं. त्यांनी नातीला वाडा दाखवला होता, हात धरून सुखरूप घरी नेलं होतं, चहा घेतला होता, ती बाटलीसाठी रडली म्हणून पुन्हा रिक्षा करून आले होते, बाटली त्यांना मिळालीही होती. आणि हे सगळं कुणीतरी फडक्याने पुसून नेलं होतं. पोरीचं काही हरवलं नव्हतं. छातीतली भीती गेली असं वाटलं, पण गेली नव्हती. ती फक्त सानवीवरून उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली होती, आणि आता उठायची नव्हती.

मिळाली, एवढा एक शब्द पुरे होता. शर्ट सरळ करायचा, रिक्षा करायची, घरी जायचं. कुणाला काही कळलं नसतं. मृणालीला नाही, गंगाला नाही. त्यांनी तोंड उघडलं.

"आजोबा, उद्या भाट्याला जायचं ना? तुम्ही प्रॉमिस केलंय. फक्त मी आणि तुम्ही. समुद्रात कमरेपर्यंत जायचं."

खाली खाडीतली होडी किनाऱ्याला लागली होती.

"मिळाली गो तुझी बाटली," ते म्हणाले. "आईला दे फोन."

"आजीला?"

"नको. आईलाच दे."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. "बाबा? कुठे आहात? केव्हाचे गेलात."

"मृणाली, मी थिबा पॅलेसच्या मागच्या पायरीवर बसलोय. मला न्यायला ये."

"का? रिक्षा मिळत नाहीये?"

"रिक्षा मिळेल. मीच..." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला आठवत नव्हतं गो, सानू बरोबर आहे की नाही. बाटली हातात घेऊन तिलाच शोधत फिरलो. उद्या तिला माझ्याबरोबर पाठवू नको. रडली तरी नको. मी भांडलो तरी नको."

मग मृणाली बोलली, आणि सानवीला ताप आला की पोरीशी बोलताना तिचा जसा आवाज व्हायचा तसा तो होता. "बाबा, मी निघाले. आहात तिथेच बसा. उठू नका हं."

बाबल्या चाव्या वाजवत आला. "चला काका, फाटक लावतो. मिलाली का नात?"

"ती घरी आहे."

"बरं झालं. अवो, शर्ट उलटा झालाय तुमचा." तो थांबला. "मग तुमी कोनाची वाट बगताव?"

काशीरामांनी बाटली दोन्ही हातांनी मांडीवर धरली. "माझी मुलगी येतेय न्यायला," ते म्हणाले. "तिने सांगितलंय, उठायचं नाही."